ओव्हरराइडचं दार आणि ‘फायनल’

क्लास म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं (मेथड) यांचा साचा, त्याचा वारसा घेणारा तो सबक्लास; वारशात आलेली मेथड सबक्लासने आपल्या पद्धतीने बदलली की ती ओव्हरराइड होते. सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘व्हर्च्युअल’ लिहिल्याशिवाय मेथड खऱ्या अर्थाने ओव्हरराइड होत नाही. मात्र एकदा व्हर्च्युअल केलेली मेथड पुढच्या पिढीत बंद करायची सोय थेट २०११मध्ये आली. १९९६च्या जावाने उलट बाजू घेतली: साधी मेथड उघडी, बंद हवी तर ‘फायनल’ लिहा. स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, क्लासच फायनल ठेवला, तो सुरक्षेपायी. फाइलच्या नावाची तपासणी झाल्यावर एखाद्या लबाड सबक्लासने तेच नाव बदललं, तर तपासणीला अर्थ उरत नाही.

फायनलने कोड वेगवान होतो, हा समजही तेव्हाचाच. सुरुवातीच्या कंपायलरांपुरतं (कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमपुरतं) त्यात तथ्य होतं. पुढे लोड झालेले क्लास पाहून मेथड ओव्हरराइड झाली आहे की नाही, हे जावाचा प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन स्वतःच ओळखू लागलं. सवय मात्र टिकली.

२००२च्या सी शार्पमध्ये मेथड पुन्हा बंद झाल्या. कारण पटण्यासारखं होतं. लायब्ररीच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) नव्या आवृत्तीत एखादी मेथड वाढली आणि आपल्या सबक्लासमध्ये त्याच नावाची मेथड आधीपासून असली, तर जावात ती नकळत ओव्हरराइड होते. सी शार्पमध्ये ‘ओव्हरराइड’ लिहिल्याशिवाय होत नाही.

खरा वाद पेटला तो २०१६मध्ये. कॉटलिन या भाषेच्या १.० आवृत्तीने क्लास आणि मेथड दोन्ही बंद ठेवले. उघडायचे तर ‘ओपन’ लिहायचं. कॉटलिनमध्येही वापरली जाणारी जावाची फ्रेमवर्कं (प्रोग्रॅमचे तयार सांगाडे) प्रोग्रॅम चालू असताना सबक्लास बनवून ट्रान्झॅक्शनसारखी (डेटाबेसचे व्यवहार सांभाळण्याची) कामं करतात. ती अडली, टेस्टमधले मॉकही (खऱ्या क्लासच्या जागी वापरायचे नकली) अडले. त्याच वर्षी डिसेंबरात ठरावीक अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) असलेले क्लास आपोआप उघडणारं प्लगइन द्यावं लागलं. निर्णय चुकल्याची ही कबुलीच, असं टीकाकार म्हणाले. मला ते पटत नाही. अ‍ॅनोटेशन लावतो तो प्रोग्रॅमरच. म्हणजे दार कुठे उघडायचं हे अजूनही तोच सांगतो. खटकतं ते वेगळंच: ओपन क्लासमधली ‘ओव्हरराइड’ लिहिलेली मेथड पुढे उघडीच राहते. ती बंद करायला पुन्हा ‘फायनल’ लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

पायथॉनमध्ये २०१९च्या ३.८ आवृत्तीपासून फायनल आहे, पण ते टाइप तपासणाऱ्या साधनांपुरतं. प्रोग्रॅम चालताना कुणी अडवत नाही. २०२१च्या जावा १७मध्ये ‘सील्ड’ क्लास पक्के झाले: वारसा घ्यायचा, पण नेमून दिलेल्यांनीच. सी शार्पमधल्या ‘सील्ड’ क्लासचा वारसा मात्र कुणालाच घेता येत नाही.