पत्ता बदलायचा की नंबर? मुंबईची गाडी, गोव्याची गाडी आणि ओरोसचं ऑफिस

गणपतीच्या दिवसांत कुडाळ-मालवण रस्त्यावर उभं राहिलात तर दोन तऱ्हेच्या पाहुण्या गाड्या दिसतात. एमएच ०१ पासून ०४ पर्यंतच्या, शिवाय ४३ आणि ४७ च्या, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या चाकरमान्यांच्या. आणि जीए वाल्या, म्हणजे गोव्यात नोकरीला असलेल्यांच्या किंवा तिथून घेतलेल्या. आरती आटोपली की पडवीत या दोन्ही गाड्यांवर चर्चा होते आणि दोन्हींचा गुंता एकाच शब्दात सांगितला जातो: "पासिंग बदलूचा लागता," म्हणजे नोंदणी बदलावी लागते.

एकाला फक्त पत्ता बदलायचा असतो. दुसऱ्याला नंबरच नवा घ्यावा लागतो. कलम वेगळं, फॉर्म वेगळा, आणि पैशांतला फरक तर विचारूच नका. तरी मुंबईवाला उगाच धास्तावतो आणि गोव्याच्या गाडीवाला निर्धास्त फिरतो. खरं तर उलट असायला हवं.

आधी मुंबईची गाडी घेऊ. समजा, ठाण्यात नोकरी संपली, माणूस निवृत्त होऊन कुडाळला कायमचा आला आणि सोबत एमएच ०४ ची कार आणली. "नंबर सात करून घेव," म्हणजे सिंधुदुर्गाचा एमएच ०७ घे, असं शेजारी हमखास सांगतो. याची काहीही गरज नाही. गाडी महाराष्ट्रातच आहे, कर महाराष्ट्रालाच भरलेला आहे, त्यामुळे ती शेवटपर्यंत एमएच ०४ च राहते. बदलायचा तो आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा पत्ता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४९: राहण्याचं ठिकाण बदललं की ३० दिवसांच्या आत कळवायचं. तेही ठाण्याला परत न जाता, नवा पत्ता ज्या आरटीओ कार्यालयाच्या हद्दीत येतो तिथे. सिंधुदुर्गासाठी ते ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत. रत्नागिरी जिल्ह्यासाठी रत्नागिरीला. रायगडात पेण किंवा पनवेल. फॉर्म ३३, आरसी, पत्त्याचा पुरावा, चालू विमा, पीयूसी. कर्ज अजून चालू असेल तर बँकेची संमती. हा अर्ज २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या करायची सोयही आहे. मात्र आधारवर पत्ता अजून डोंबिवलीचा असेल तर ती सोय काही कामाची नाही. आधी आधार गावच्या पत्त्यावर आणा, मग गाडीकडे वळा. परिवहन खात्याच्या पोर्टलवर अर्ज भरताना जुन्या कार्यालयाचा काही कागद मागितला तर तो तिथल्या यादीत दिसतो. एजंटाच्या तोंडी यादीपेक्षा ती यादी खरी धरावी.

आणि जो चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंबे उतरेपर्यंत राहतो, त्याने तर यातलं काहीच करायचं नाही. त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय की सहा महिन्यांपेक्षा जास्त नसलेल्या तात्पुरत्या मुक्कामासाठी पत्ता बदलल्याचं कळवावं लागत नाही. गावच्या घराला कुलूप असतं तोवर मुंबईचा पत्ता हाच खरा पत्ता.

हे सगळं इतकं सोपं असूनही लोक पत्ता बदलत नाहीत, कारण बदलला नाही म्हणून कोणी अडवत नाही. अडतं ते नंतर. ई-चलान जुन्या मोबाईल नंबरवर जातं, नोटीस जुन्या फ्लॅटवर, आणि तिथे आता भाडेकरू राहतात. गाडी विकायला काढली की मग तीन वर्षांची थकलेली चलानं एकदम समोर येतात. पत्त्याबरोबर मोबाईल नंबरही बदलून घ्या, एवढं केलं तरी निम्मा त्रास वाचतो.

आता गोव्याची गाडी. इथे मामला खरा अवघड.

बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग या पट्ट्यातली पोरं रोज गोव्यात कामाला जातात. मोपाला विमानतळ झाल्यापासून जास्तच. सकाळी पत्रादेवीच्या नाक्यावर बाईकांची रांग बघा, निम्म्या जीए. कुणी म्हापशात खोली भाड्याने घेतली आणि त्या पत्त्यावर गाडी नोंदवली, कुणाला काकाने दिली, कुणी 'गोव्यात स्वस्त पडते' म्हणून घेतली. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "आरसी खंयय चलता, मगे नंबर कित्याक बदलूचो?" म्हणजे आरसी कुठेही चालते, मग नंबर कशाला बदलायचा?

हे अर्धं बरोबर आहे. कलम ४६ नुसार एका राज्यात नोंदवलेली गाडी देशभर चालते, वेगळी नोंदणी लागत नाही. म्हापशाची जीए ०३ मालवणच्या बंदरावर उभी दिसली म्हणून ती बेकायदा ठरत नाही. पोलिसाने तेवढ्यावरून दटावलं तर ते चूकच. पण लगेच पुढचं कलम ४७ येतं: गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर त्या राज्याचा नवा नंबर घ्यायलाच हवा. बारा महिने पूर्ण झाल्यावर अर्ज करायला ३० दिवस मिळतात. कायदा बघतो ते गाडी कुठे ठेवली जाते ते. दिवसा म्हापशाच्या पार्किंगमध्ये आणि रात्री, रविवारी, सणावारी बांद्याच्या खळ्यात राहणारी गाडी 'गोव्यात असते' हे पटवून देताना मालकाला घाम फुटणारच.

मुंबई ते कुडाळ साडेचारशे किलोमीटरहून जास्त. पनवेल, पेण, रत्नागिरी अशा तीन कार्यालयांच्या हद्दी ओलांडून गाडी येते आणि नंबराला धक्का लागत नाही. बांदा ते म्हापसा जेमतेम तीसेक किलोमीटर, आणि तेवढ्यात नंबर, प्लेट, कर सगळं बदलतं. कारण साधं आहे: गाड्यांची नोंदणी केंद्राच्या कायद्याने होते, पण गाड्यांवरचा कर हा राज्यघटनेने राज्यांना दिलेला विषय आहे. नंबराच्या पुढची दोन अक्षरं म्हणजे कर कोणत्या तिजोरीत गेला त्याची खूण. महाराष्ट्राच्या आत तिजोरी एकच. पत्रादेवी ओलांडली की दुसरी.

म्हणून नव्या नंबराच्या प्रक्रियेत खरा खर्च फीचा नसतो. केंद्रीय नियमांत नवा नंबर द्यायची मूळ फी मोटरसायकलला ३०० आणि कारला ६०० रुपये. पत्ता बदलायची त्याच्या निम्मी. दणका बसतो तो महाराष्ट्राच्या एकरकमी कराचा. दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल कारला तो किमतीच्या ११ टक्के आहे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार कमी होत जातो, पण शून्य होत नाही. गोव्यात भरलेल्या कराचा उरलेल्या काळाचा भाग तिथल्या कार्यालयाकडे परत मागता येतो, मात्र इथे भरल्याचा पुरावा दाखवून. म्हणजे आधी खिशातून घालायचे, मग परताव्याची वाट बघायची. आणि एक लक्षात ठेवा, बारा महिने ही नंबराची मुदत आहे. कराचा हिशेब राज्याच्या १९५८ च्या करकायद्याने होतो, तो वेगळा.

कागदांचा क्रम असा: मूळ गोव्याच्या कार्यालयाकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनओसी म्हणतात. त्यासाठी कर भरलेला, चलानं मिटवलेली आणि कर्ज असेल तर बँकेची संमती हवी. कार्यालयाने ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं कायदा मानतो, पण प्रत्यक्षात हातात कागद असल्याशिवाय ओरोसला कोणी पुढे सरकू देत नाही. तो मिळाला की फॉर्म २७, म्हणजे नव्या नंबराचा अर्ज, आणि गाडी तपासणीला हजर.

ही तपासणी किनारपट्टीवर जरा जास्तच जड जाते. एनओसीच्या अर्जावर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो: नंबर कोरलेल्या जागेवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, अक्षरं उमटतात. वेंगुर्ल्यात, देवगडात समुद्राच्या कडेला चार पावसाळे काढलेल्या गाडीचा चासी नंबर खाऱ्या हवेने इतका गंजलेला असतो की 'आठ' आहे की 'तीन' हे कळत नाही. इन्स्पेक्टर समोर असताना तिथे पॉलिश पेपर घासू नये, खाडाखोड वाटते. आदल्या आठवड्यात गॅरेजवाल्याकडून रॉकेलच्या बोळ्याने हलकेच साफ करून, प्रिंट स्पष्ट येतो का ते बघून ठेवावं.

नवा एमएच ०७ नंबर मिळाला की जुना गेला. हाय सिक्युरिटी प्लेट नवी, फास्टॅगवर नवा नंबर, विमा पॉलिसीत तशी नोंद. पत्ता बदलाच्या वेळी प्लेट आणि फास्टॅगला हात लावावा लागत नाही. विमा कंपनीला पत्ता कळवला की झालं.

सैन्यातल्या, केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीतल्या आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांना या कटकटीतून सुटायला २०२१ मध्ये बीएच मालिका, म्हणजे राज्याऐवजी 'बीएच' (भारत) अक्षरं असलेले नंबर, आली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांच्या पटीत भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. बदलीच्या नोकरीवाल्यांना उत्तम, गावातल्या दुकानदाराला ती मिळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गोव्याची सेकंडहँड गाडी घेताना. खरेदीदार म्हणतो, बारा महिने आहेत ना हातात. नाहीत. बारा महिने आहेत ते स्वतःचीच गाडी सोबत घेऊन आलेल्या मालकाला. विकत घेणाऱ्याला कलम ५० लागू होतं: मालकी बदलल्याचं ३० दिवसांत आपल्या हद्दीच्या कार्यालयाला कळवायचं, फॉर्म २९ आणि ३० सह, आणि गाडी परराज्यातली असल्याने विकणाऱ्याने काढलेली एनओसीही जोडायची. विकणाऱ्याला त्याच्या बाजूचं कळवायला ४५ दिवस मिळतात, राज्यातल्या राज्यात असता तर १४. तोवर आरसीवर नाव जुन्याच मालकाचं, आणि अपघात झाला तर कायद्याच्या लेखी मालक तोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यामुळे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी, पण पैसे मिळाले की ती संपते. म्हणून व्यवहार ठरवताना टोकन द्या, एनओसीचा अर्ज केल्याची पावती मागा, आणि बाकीचे पैसे एनओसी हातात पडल्यावरच मोजा. गाडी कितीही चकचकीत असली आणि विकणारा नात्यातला असला तरी.