पार्श्वभूमी : राहत्या घराचं संग्रहालय होतं तेव्हा

अशा घरात शिरलं की आधी एक दोर आडवा येतो. दोरापलीकडे शेजघर. पलंगावर पलंगपोस नीट ताणलेला, मेजावर घडी घातलेला चष्मा, शेजारी अर्धी जळलेली मेणबत्ती. घरातली माणसं आत्ताच कुठे उठून गेलीत असं वाटावं अशी सगळी मांडणी. पण ती मेणबत्ती कुणीतरी तेवढीच जाळून ठेवलेली असते, आणि चष्मा त्याच माणसाचा असेल याची खात्री नसते. खोली कुठल्या सालातली दाखवायची यावर तर कधीकधी वर्षानुवर्षं खल झालेला असतो. माणसं राहतात तोवर घर बदलत राहतं. भिंत रंगवली जाते, पलंग इकडचा तिकडे जातो, एखादी खोली पाडून मोठी होते. संग्रहालय करायचं म्हणजे हे सगळं कुठल्यातरी एका दिवशी थांबवायचं. तो दिवस कोणी निवडला आणि का निवडला, हे कळलं की अशा घरांचा इतिहास उलगडत जातो.

नामवंतांची घरं बघायला जायची हौस संग्रहालयांच्या आधीची आहे, आणि तिचा जाच घरमालकांना झालेला आहे. इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावात शेक्सपिअर ज्या 'न्यू प्लेस'मध्ये १६१६ साली वारला, ती जागा पुढे फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याने विकत घेतली. तोवर तिथलं घर नव्याने बांधलेलं होतं, पण अंगणात शेक्सपिअरने लावलेलं म्हणून सांगितलं जाणारं तुतीचं झाड होतं आणि ते बघायला लोकांची रीघ लागायची. वैतागून गॅस्ट्रेलने १७५६ मध्ये झाड तोडलं. १७५९ मध्ये कराच्या भांडणातून घरच पाडून टाकलं. गाव खवळलं, पण घर कायद्याने त्याचं होतं. आज तिथे बाग आहे. एखादं घर मालकाचं असूनही सगळ्यांचं असू शकतं का, हा प्रश्न या प्रकरणात उघडा पडला. पुढच्या दोनशे वर्षांत तो सुटलेला नाही, त्याची उत्तरं तेवढी वेगवेगळी दिली गेली.

त्याच गावात शेक्सपिअरच्या जन्मघराचा १८४७ मध्ये लिलाव झाला. तेव्हा वास्तूच्या एका भागात खानावळ होती, दुसऱ्यात खाटकाचं दुकान. लोकवर्गणीतून ३,००० पौंड उभे राहिले आणि घर सार्वजनिक झालं. मग ते 'पूर्ववत' करायचं ठरलं. पण कुठल्या पूर्वीसारखं? शेक्सपिअरच्या काळातलं चित्र नव्हतंच. हाताशी होतं ते १७६९ सालचं एक रेखाटन, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी काढलेलं. त्याच्या आधाराने दर्शनी बाजू घडवली, आगीच्या भीतीने शेजारची घरं पाडली. आज रस्त्यावरून जे घर दिसतं ते शेक्सपिअरच्या शतकाचं जितकं आहे तितकंच एकोणिसाव्या शतकाचंही आहे. मला त्या घरातली सगळ्यात प्रामाणिक वस्तू वाटते ती एक खिडकी. पूर्वी पाहुणे तिच्या काचेवर आपापली नावं कोरून जात. त्यात कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचंही नाव आहे. आज कुणी असं केलं तर पोलीस बोलावतील, पण ती ओरखडलेली काच जपून ठेवली आहे, कारण लोक इथे कधीपासून येत होते त्याचा तीच पुरावा आहे.

लंडनमध्ये मात्र एका घरमालकाने आपलं घर स्वतःच थांबवलं. वास्तुकार जॉन सोन याने लिंकन्स इन फील्ड्समधली शेजारशेजारची तीन घरं मूर्ती, चित्रं, नकाशे आणि इमारतींच्या भग्न तुकड्यांनी भरून टाकली होती. मुलगा जॉर्ज याच्याशी त्याचं वाकडं होतं. १८१५ मध्ये बापाच्या कामाची नालस्ती करणारे निनावी लेख छापून आले, ते जॉर्जचेच निघाले, आणि काही आठवड्यांत आई वारली. सोनने त्या लेखांची कात्रणं चौकटीत बसवली आणि त्यावर 'जॉर्जने दिलेले मृत्यूचे घाव' अशा अर्थाचा मजकूर घातला. १८३३ मध्ये त्याने थेट पार्लमेंटकडून कायदा करून घेतला: आपल्या मृत्यूनंतर घर राष्ट्राचं व्हावं आणि ते शक्य तितकं आपण ठेवलं होतं तसंच राहावं. १८३७ मध्ये तो वारला. बापलेकाच्या भांडणातून एक संग्रहालय उभं राहिलं, आणि तो कायदा इतका पक्का ठरला की आजही तिथे मांडणी बदलणं सोपं नाही. तरीही वरच्या मजल्यावरच्या घरगुती खोल्यांचा वापर मधल्या काळात बदललाच. त्या पुन्हा जुन्या रूपात आणून लोकांसाठी उघडायला २०१५ साल उजाडलं.

सरकारने विकत घेतलेलं घर बघायला अमेरिकेत जावं लागतं. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग इथलं हॅसब्रूक कुटुंबाचं दगडी शेतघर हे जॉर्ज वॉशिंग्टनचं १७८२-८३ मधलं लष्करी मुख्यालय होतं. कुटुंब कर्जात अडकलं, घर राज्याच्या ताब्यात आलं आणि १८५० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. सरकारी मालकीचं असं स्मारक-घर त्या देशात पहिलंच. तिथली एक खोली प्रसिद्ध आहे: दारं सात, खिडकी एकच. वॉशिंग्टन तिथे राहिला म्हणून ती टिकली, पण सात दारांचा तो वापर हॅसब्रूकांच्या बायकामुलांनी पिढ्यान्‌पिढ्या केला होता. हे मला तिथल्या कथेत फार उशिरा आणि फार थोडक्यात येतं असं वाटतं.

वॉशिंग्टनचं स्वतःचं घर माउंट व्हर्नन वाचवलं ते सरकारने नव्हे, बायकांनी. १८५३ मध्ये लुइझा कनिंगहॅम या बाईंनी पोटोमॅक नदीतून जाताना आगबोटीवरून ते घर पाहिलं. रंग उडालेला, ओसरीला जहाजांच्या जुन्या डोलकाठ्यांचे टेकू दिलेले. त्यांनी मुलीला पत्र लिहिलं: पुरुषांना हे घर सांभाळता येत नसेल तर बायकांनी का सांभाळू नये? मुलगी ॲन पामेला घोड्यावरून पडून पाठीने अधू झालेली होती. तिने अंथरुणातून पत्रं लिहून राज्याराज्यांतल्या बायकांची संघटना उभी केली. त्या काळी बायकांनी वर्तमानपत्रात नाव छापून जाहीर काम करणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून सुरुवातीची आवाहनं तिने टोपणनावाने केली. वॉशिंग्टनच्या वारसाने घर घेण्याविषयी केंद्र सरकारला आणि व्हर्जिनिया राज्याला विचारून पाहिलं होतं, दोघांनी ते घेतलं नाही. शेवटी १८५८ मध्ये बायकांशी २ लाख डॉलरना करार झाला आणि १८६० मध्ये ताबा मिळाला. आत जवळपास काहीच नव्हतं. पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाची किल्ली, पृथ्वीचा गोल, एक अर्धपुतळा अशा मोजक्याच वस्तू उरल्या होत्या. बाकीचं सामान कुटुंबांच्या शाखांतून, लिलावांतून, कपाटांच्या तळातून गोळा करत आणायला कित्येक दशकं गेली. निरोप घेताना १८७४ मध्ये ॲन पामेलाने लिहिलं की या देशात एवढी एक जागा तरी बदलापासून वाचू दे.

अशी कामं कशी होतात, हे पाहण्यासारखं आहे. माणूस मेला की त्याच्या मालमत्तेची खोलीवार यादी करायची पद्धत होती: कुठल्या खोलीत किती खुर्च्या, किती चादरी, किती चमचे. वारसा वाटण्यासाठी केलेल्या या कोरड्या याद्या आज संग्रहालयांच्या सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहेत. दुसरा साक्षीदार म्हणजे भिंत. तिच्यावरून रंगाचा टिचभर तुकडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, आणि मोजत मोजत हव्या त्या सालापर्यंत जाता येतं. माउंट व्हर्ननच्या लहान भोजनखोलीत असं केल्यावर खाली भडक हिरवा सापडला. जुनं म्हणजे फिकट आणि सौम्य, अशी आपल्या डोळ्यांची समजूत असते. ती काळाने रंग उडवल्यामुळे झालेली आहे.

पण यादीत माणसंही असत, आणि तिथे हा इतिहास अडखळतो. १७९९ साली, वॉशिंग्टन वारला त्या वर्षी, माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. घर त्याच सालात थांबवायचं ठरलं तेव्हा दिवाणखाना थांबवला, बाग थांबवली, आणि हे तीनशे जण मात्र गळले. त्यांच्या दफनभूमीवर साधा दगड बसायला १९२९ साल उजाडलं, नीट स्मारक व्हायला १९८३. ज्या बायकांनी घर वाचवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी 'बदलापासून वाचू दे' हे वाक्य या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावं लागतं.

विसाव्या शतकात अशा घरांची संख्या झपाट्याने वाढली. संग्रहालयांचा अभ्यासक लॉरेन्स व्हेल कोलमन याने १९३३ मध्ये अमेरिकेतली मोजदाद मांडली: १८९५ मध्ये वीसेक, १९१० मध्ये शंभराच्या आसपास, आणि त्याच्या वेळेपर्यंत चारशेच्या वर. कारण त्याने नेमकं पकडलं होतं, मोटारगाडी. आडगावचं घरही आता एका दिवसात बघून येण्यासारखं झालं. गावोगावच्या इतिहास मंडळांनी एकेक जुनं घर घेतलं, आणि घराण्यातलं शेवटचं माणूस मूल नसलं की घर सामानासकट गावाला देऊन जाऊ लागलं. युरोपात तोवर दुसरी वाट निघाली होती. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस याने १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन उघडलं. शेतकऱ्यांची घरं मूळ गावातून सोडवून, लाकूड लाकूड खुणा करून आणून तिथे पुन्हा उभी केली. थोर माणसाचं नाव नसलेलं घरही जपण्याजोगं असतं, हे त्याने मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं.

ब्रिटनमधल्या जमीनदारांच्या वाड्यांचं संकट पैशाचं होतं. १८९४ पासून लागू झालेला वारसाकर पुढे वाढत गेला, महायुद्धांत वारस मेले, नोकरमाणसं मिळेनाशी झाली. १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला अशी घरं स्वीकारण्याची सोय कायद्याने करून दिली. घर ट्रस्टचं, कर माफ, कुटुंबाला राहायची मुभा, आणि ठरलेल्या दिवशी लोकांना प्रवेश. त्यामुळे एकाच छपराखाली वर माणसं राहतायत आणि खाली पाहुणे फिरतायत असा चमत्कारिक संसार सुरू झाला.

त्यातलं वेल्समधलं अर्डिग हे घर मला सगळ्यात जवळचं. जमिनीखालच्या कोळसा खाणीमुळे ते सुमारे पाच फूट खचलं होतं. १९७३ मध्ये शेवटच्या मालकाने ते ट्रस्टला दिलं. या यॉर्क घराण्याची एक जुनी चाल होती: अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते आपल्या नोकरांची चित्रं काढून घेत, पुढे छायाचित्रं, आणि प्रत्येकावर पद्य रचत. सुतार, लोहार, मोलकरीण, सगळे नावानिशी भिंतीवर. म्हणून ट्रस्टने पाहुण्यांना मुख्य दारातून नेलं नाही. वाट सुरू होते ती सुताराच्या आणि लोहाराच्या कामाच्या आवारातून, मग मुदपाकखाना, आणि दिवाणखाना सगळ्यात शेवटी. दार बदललं की घराची गोष्टही बदलते.

न्यूयॉर्कमध्ये १९८८ साली ही दिशा टोकाला गेली, एका चाळीचंच संग्रहालय झालं. ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ क्रमांकाची चाळ १८६३ मध्ये बांधलेली. १९३५ मध्ये मालकाने भाडेकरूंना बाहेर काढून वरचे मजले बंद केले आणि ते तसेच राहिले. अर्धशतकाने दार उघडलं तेव्हा भिंतींवर वॉलपेपरचे थरावर थर होते, एकेका कुटुंबाने आपापला चिकटवलेला. इथे एकच साल निवडणं शक्यच नव्हतं. संग्रहालय करणाऱ्यांनी खोलीगणिक वेगळं कुटुंब आणि वेगळं साल निवडलं, आणि काही खोल्या सापडल्या तशाच सोडल्या.

आणि घरच उरलं नाही तर? जर्मन कवी गटे याचं फ्रँकफर्टमधलं जन्मघर १८६३ मध्ये एका संस्थेने विकत घेऊन सांभाळलं होतं. २२ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं. गटे वारला तीही तारीख २२ मार्च. सामान आधीच सुरक्षित हलवलेलं होतं, त्यामुळे खुर्च्या होत्या, घर नव्हतं. पुन्हा बांधावं की नाही यावर जोराचा वाद झाला. पत्रकार वाल्टर डिर्क्स याचं म्हणणं होतं की घर काही आपोआप पडलेलं नाही, जर्मनीने जे केलं त्याच्या ओघात पडलं आहे, तेव्हा ते गेलं हे सोसायचं धैर्य दाखवावं. त्याचं ऐकलं गेलं नाही. १९५१ मध्ये हुबेहूब घर उभं राहिलं, आत खऱ्या खुर्च्या. डिर्क्सचं म्हणणं मला पटतं, आणि तरी त्या जिन्यावरून चढायला मिळालं तर मी नाकारणार नाही.

ॲमस्टरडॅमला नेमकं उलट झालं. तिथे घर उभं होतं, सामान नव्हतं. डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं कुटुंब नाझींपासून जिथे लपलं होतं त्या प्रिन्सेनग्राख्त २६३ च्या मागच्या भागातलं सामान अटकेनंतर काढून नेलेलं. १९६० मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा वाचलेला एकटा बाप, ओटो फ्रँक, यानेच सांगितलं की खोल्या रिकाम्याच ठेवा. तिथे दोर नाही, मेणबत्ती नाही. भिंतीवर पेन्सिलच्या बारीक आडव्या रेघा आहेत, दोघी बहिणींची उंची मोजलेल्या.

तशाच रेघा दक्षिण कॅरोलायनातल्या ड्रेटन हॉलमध्येही आहेत. सात पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेलं हे अठराव्या शतकातलं घर १९७४ मध्ये जतनासाठी घेतलं गेलं आणि त्याला कुठल्याही सालात परत न्यायचं नाही असं ठरलं. सामान नाही, घरात वीज नाही, नळ नाही. जिथे रंग उडाला आहे तिथे उडालेलाच. दाराच्या चौकटीवर घरातल्या मुलांच्या उंचीच्या खुणा, शेजारी नावं आणि तारखा.