गाडीच्या हीटरची उसनी ऊब

पुण्या-मुंबईची गाडी पहिल्यांदा मनालीच्या वर चढते, तेव्हा अनेकांना कळतं की आपला हीटर कित्येक वर्षं नुसता गार वारा फेकत होता. इकडे कधी लावायची वेळच आली नव्हती. मग फ्यूज बघा, वायर हलवून बघा, असं सुरू होतं. पण बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत हीटरची मुख्य ऊब विजेची नसतेच. इंजिन तापू नये म्हणून फिरणारं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, जातं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा कूलंटमध्ये उतरतो. हीटर त्यातलीच थोडी उसनी घेतो.

ही उसनवारी जमायला बरीच वर्षं लागली. सुरुवातीच्या गाड्या उघड्या होत्या, त्यात हीटर लावून करणार काय? अमेरिकेत लोक मांडीवर जाड रग घ्यायचे आणि पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवायचे. 1920 च्या दशकात बंद टपाच्या गाड्या तिथे सर्रास झाल्या आणि ऊब आत टिकवण्यात अर्थ आला. सर्वांत जवळची उष्णता एक्झॉस्टची, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराची. फोर्डच्या मॉडेल ए साठी मिळणाऱ्या हीटरमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळीभोवती, पत्र्याचं आवरण असे आणि तिथली तापलेली हवा आत यायची. पाय शेकायचे, पण पत्र्याला भोक पडलं किंवा सांधा बंद ठेवणारं गॅस्केट गेलं तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याची भीती असे.

1930 च्या सुमारास गरम पाण्यावरचे हीटर आले. डॅशबोर्डखाली एक डबा लटकलेला, इंजिनातून आलेल्या दोन नळ्या आणि छोटा पंखा. विषारी वायूचा प्रश्न मिटला, पण हा डबा आतलीच हवा पुन्हापुन्हा फिरवायचा, त्यामुळे श्वासाच्या वाफेने काचा धुरकटायच्या. नॅश कंपनीने 1938 च्या मॉडेलमध्ये बाहेरची ताजी हवा घेऊन ती गरम करून आत सोडली आणि पुढच्याच वर्षी त्याला तापमान आपोआप राखणारी सोय जोडून ‘वेदर आय’ असं नाव दिलं. आजच्या गाडीतली मांडणी मुळात तीच. आतली हवा फिरवणारं बटण दाबून ठेवलं की पावसाळ्यात आपल्या काचा धुरकटतात, तोही जुन्या डब्याचाच दोष. तरी हीटर बराच काळ जादा पैशांची चैन राहिला. अमेरिकेत 1968 पासून समोरच्या काचेवरचं धुकं आणि बर्फ हटवण्याची सोय नियमाने सक्तीची झाली. प्रवाशाच्या पायांपेक्षा चालकाच्या नजरेची काळजी कायद्याने आधी केली, असं मला वाटतं.

पाणी आलं तसे पाण्याचे रोगही आले. थंड देशांत गोठू नये म्हणून आधी त्यात अल्कोहोल घालत, ते उडून जाई. 1927 पासून त्याऐवजी प्रेस्टोन या ब्रँडचं इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. आपल्याकडे गोठण्याची चिंता नाही म्हणून वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं गेलं. त्याचा क्षार आणि गंज हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिन तापल्यावर कोअरला जोडलेले दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, सांभाळून चाचपा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोअर तुंबल्याचा संशय घ्यायचा.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेचं, दुखणं खास आपलं. 1930 च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट बनवला. मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते, बहुतेक गाड्यांत 80 ते 90 अंशांच्या आसपास. तोवर रेडिएटरची वाट बंद, म्हणून इंजिन लवकर तापतं. आपल्याकडे मात्र गाडी घाटात तापली की ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गरजच नाही’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आला. काढल्यावर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं. इंजिन नीट तापत नाही, तापमानाचा काटा खालीच रेंगाळतो आणि हीटर कोमट किंवा गारच राहतो. झडप उघडीच अडकली तरी लक्षण हेच. गंमत अशी की खंबाटकीत काटा वर चढू लागला की हीटर पूर्ण लावायचा हा जुन्या चालकांचा तोडगा खरंच उपयोगी पडतो, कारण हीटर कोअर हा इंजिनाचा जादा रेडिएटरच आहे.

काटा जागेवर असतो आणि गाडी उभी असताना गार येणारी हवा एक्सलरेटर दाबल्यावर गरम होते, तेव्हा कूलंट कमी असतं, त्यात हवा अडकलेली असते किंवा पाण्याचा पंप अशक्त झालेला असतो. ही तक्रार टाळू नये. गळतीची पहिली वर्दी कधीकधी हीटरच देतो. मात्र इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी अंगावर उसळतं.

जुन्या गाड्यांत केबलने फिरणारी पाण्याची झडप असायची. नंतर अनेक कंपन्यांनी पाणी कायम वाहतं ठेवलं आणि गरम-गार हवा मिसळणारं दार बसवलं. एसीशी जुळवायला ते सोयीचं होतं. आता हे दार छोटी मोटर फिरवते. तिचे प्लॅस्टिकचे दाते झिजले की डॅशबोर्डमागून टिकटिक येते. दोन्ही होज चटका देणारे आणि हवा तरी गार, असं असेल तर आधी या दाराकडे बघावं.

उधार घ्यायला पाणीच नसेल तर? फोक्सवॅगन बीटलचं इंजिन हवेवर गार व्हायचं, म्हणून तिची ऊब पुन्हा एक्झॉस्टकडूनच यायची. ती हवा दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे येई आणि पट्ट्या गंजल्या की वाटेतच निसटे.

आताच्या इलेक्ट्रिक गाड्यांत वाया जाणारी उष्णता फार थोडी. म्हणून त्यांत बॅटरीवर तापणारा हीटर असतो, किंवा बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा हीट पंप. निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीत हीट पंप 2013 च्या सुमारास आला. या गाड्यांत गार वारा आला, तर फ्यूजपासून सुरुवात करणारा माणूस चुकत नाही. फक्त त्या हीटरला बहुधा शेकडो व्होल्टची लाइन असते, त्यामुळे नारिंगी वायरला रस्त्याकडेला हात लावायचा नाही.