खांबाचं बूड सडलंय? सिमेंट घालण्याआधी हे वाचा

गणपतीला गावी आलं की लक्षात येतं: पडवीचा खांब हलतोय, दार घासतंय, कौलांची ओळ मध्येच बसलीय. मग आमचा, म्हणजे जुनी लाकडी घरं दुरुस्त करणाऱ्यांचा, फोन वाजतो. ‘विसर्जनाच्या आत उरकेल ना?’ नाही उरकणार. का, ते खाली आहेच; पण आम्ही येईपर्यंत खांबाच्या बुडाशी सिमेंट तेवढं घालू नका.

कोकणातल्या जुन्या घरात खांब पुरलेला नसतो, तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, नुसता उभा असतो. त्यामुळे लाकूड ओलीपासून वर राहतं, भिजलं तरी वाऱ्याने सुकतं, आणि वाळवी चढलीच तर तिची मातीची नळी दगडावर दिसते. सारवलेली जमीन जाऊन काँक्रीटवर फरशी आली की जमीन चार-सहा इंच उंचावते आणि तळखडा गाडला जातो. चिऱ्याचं जोतं पावसाळाभर पाणी पितं; ती ओल लाकडात चढते आणि काँक्रीटमुळे तिथेच कोंडते. काँक्रीट आणि लाकूड यांच्यात बारीक फट राहतेच, वाळवीला तेवढी पुरते. खांब हलला की लोक वरून आणखी सिमेंट थापतात. ते फोडलं की आत सागाचा भुसा. फोडण्यात अख्खा दिवस जातो, आणि मजुरी तुमच्याच बिलात लागते.

सहसा पूर्ण खांब बदलावा लागत नाही. सड खालच्या हात-दीड हातातच असते. स्क्रू ड्रायव्हर टोचत वर जातो. तो रुतायचा थांबला की आणखी वीतभर वर कापतो. तुळईला दोन्हीकडून टेकू देऊन जॅक लावतो, पण दिवसाला एक-दोन मिलिमीटरच उचलतो. ‘नुसते बसून असतात’ असं म्हणणारे भेटतात. एका सकाळीत उचललेल्या घराची कौलं फुटतात, भिंती तडकतात, खांबाच्या डोक्यावरचं कुसू (तुळईच्या भोकात बसणारं टोक) तुळईतून सुटतं. ते सगळं परत बसवण्यापेक्षा आम्ही नुसतं बसलेलं परवडतं.

नवा तुकडा जुन्या, मुरलेल्या सागाचा किंवा किंजळाचा. निम्मं-निम्मं कापून सांधा, आरपार न गंजणारे बोल्ट. ओलं लाकूड स्वस्त मिळतं, पण सुकलं की आकसतं आणि सांधा ढिला पडतो. फरशी मोडायची नसेल तर खांब थोडा जास्त कापून खाली काळ्या दगडाचा उंच तळखडा देतो. हे काम आमच्याकडे वरचेवर होतं, आणि दिसतंही छान.

फोटोवरून भाव सांगत नाही. पाहणीचे पैसे घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो. काम दिवाळीनंतर, मेअखेरपर्यंत. पावसात फक्त टेकू लावून देतो, तेवढ्यावर घर दिवाळीपर्यंत निभावतं. खांबाजवळची पन्हळ गळत असेल तर ती मात्र आजच बदला. त्यासाठी आमची वाट पाहायला नको.