हयगय आणि अडवणूक

‘पाणी भरपूर प्या,’ डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागली होती. रिक्षात बसताना त्या हसल्या. ‘पिईन की तांब्याच्या तांब्या. पण मग जाऊ कुठं?’

मावशी पुण्यात पर्वतीच्या जनता वसाहतीतून पावणेसातला निघतात. सहकारनगरात पाच घरची कामं करून दोनला परत. एवढ्या वेळात त्या एकाही घरात बाथरूमला जात नाहीत. त्यांना कुणी ‘नको’ म्हटलेलं नाही. ‘जा’ असंही कुणी म्हटलेलं नाही. (मीसुद्धा नाही. आमचं बाथरूम रोज घासतात त्या.) म्हणून सकाळी चहासुद्धा अर्धा कप घ्यायचा आणि दुपारपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. आता लघवी तुंबवली आणि पाणी कमी प्यायलं की जंतूंचं फावतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

केसपेपरवर मात्र कारण दोनच शब्दांचं: पाणी कमी. वाचणारा त्याचा अर्थ लावतो, बाई हयगय करते.

हयगय कशी असते ते माझ्याकडे बघून कळेल. माझी बीपीची गोळी जेवणाच्या टेबलावरच असते. मेडिकलवाला घरपोच देतो, पैशाची ओढ नाही, तरी आठवड्यातून दोनदा ती राहतेच. मला कोणीही अडवलेलं नाही. डॉक्टर रागावले तर त्यांचं बरोबर आहे.

मावशींची गोष्ट अडवणुकीची. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे जे करायला हवं ते माणूस करत नाही. शिवाय अडवणारा समोर उभा नसतो. तो सोसायटीच्या वहिवाटीत, कामाच्या वेळेत, दाराला न लिहिलेल्या नियमात असतो. मग बोलणी खायला समोर उरतो फक्त पेशंट.

ओळखायची एक साधी रीत आहे. माणूस बदलून बघायचा. उद्या मावशींच्या जागी त्यांची सून आली, शिकलेली, तब्येतीला जपणारी, तरी ती दोनपर्यंत पाणी पिणार नाही. माझ्या जागी दुसरा कुणी बसवला तर तो गोळी बहुधा वेळेवर घेईल. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५मध्ये हेच दोन प्रश्न वेगळे काढले होते: हा माणूस आजारी का पडला, आणि या समूहात इतकी माणसं आजारी का पडतात. आपण पहिल्याचं उत्तर शोधतो आणि तेच दुसऱ्याला चिकटवून टाकतो.

याचा सगळ्यात भयंकर नमुना आपल्याच राज्यात आहे. शिवाजीनगरच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तांच्या कचेरीत, गाळपाचे आकडे येतात, त्यांच्या दुसऱ्या टोकाला उसाच्या फडात कोयता चालतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडालं की खाडा पडतो, त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर, फडाजवळ ना संडास ना आडोसा. अंगावरून जायला लागलं, पोट दुखायला लागलं की दवाखान्यात सल्ला मिळतो, गर्भपिशवी काढून टाका. राज्य सरकारने २०१९मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांतली एक. त्यावर ‘अडाणी आहेत, कुणी सांगितलं की काढून मोकळ्या’ असं मी चांगल्या शिकल्यासवरल्या तोंडून ऐकलंय. खाडा आणि उचल यांचा हिशेब मांडून बघा. त्या बायकांचं गणित कच्चं नव्हतं.

नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९मध्ये अशा प्रकाराला हिंसाच म्हटलं. त्यांचं उदाहरण टीबीचं. अठराव्या शतकात टीबीने कुणी गेलं तर इलाजच नव्हता. आज औषध असताना कुणी जातं, तेव्हा मारणारा हात दिसत नसला तरी ती हिंसा आहे. अडवणूक म्हणायला हे एवढं लागतंच: उपाय आहे, पण तिथपर्यंत पोचू दिलेलं नाही.

आणि ही नुसती गरिबीची बाब नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७मध्ये व्हाइटहॉल पाहणी सुरू झाली. सगळे पगारदार, सगळे कचेरीतले. तरी तळच्या हुद्द्यावरच्या शिपाई-दारवानांचं मरणाचं प्रमाण सर्वात वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब सगळं हिशेबात धरूनही बराच फरक उरला. उतरंडीतली जागाच अंगाला लागत होती.

आता, सगळंच व्यवस्थेवर ढकलून मोकळं होणंही मला पटत नाही. मावशी मिश्री लावतात. कितीदा सांगितलं. ‘मिश्रीनं भूक मरते,’ त्या म्हणतात. तिथे दोन्ही इतकं कालवलं गेलंय की वेगळं काढता येत नाही.

पण जिथे वेगळं काढता येतं, तिथे औषधही वेगळं लागतं. हयगयीला समजावणं, आठवण करणं, क्वचित दटावणं पुरतं. अडवणुकीपुढे उपदेश केला तर तो जखमेवर मीठ होतो. जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आजही वाड्यात गेलात की तो दिसतो. ज्यांना पाणवठ्याला शिवू देत नव्हते, त्यांना ‘स्वच्छ पाणी पीत जा’ असं सांगत ते बसले नाहीत.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एक संडास आहे, बरीच वर्षं कुलूपबंद. गेल्या सर्वसाधारण सभेत मी तो कामाच्या बायकांसाठी उघडायचा विषय काढला. ‘घाण करतील’पासून ‘बाहेरचे ड्रायव्हर घुसतील’पर्यंत सगळं झाल्यावर ठराव पास झाला: किल्ली वॉचमनकडे राहील, मागेल त्याला द्यावी.

पंधरा दिवसांनी मावशींना विचारलं. त्या अजून एकदाही गेलेल्या नाहीत. वॉचमन त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचा, त्यांच्याच वसाहतीतला. ‘त्याच्याकडं किल्ली मागू? अन् तो बसणार तिथंच, दारासमोर.’

कुलूपच काढून आतून चांगली कडी बसवा, असं पत्र मी दिलंय. सेक्रेटरी म्हणाले, ‘पुढच्या मीटिंगला घेऊ.’