पाऊण किलोचा फोम

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर असलेलं कोलंबिया यान टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. एक संशयित पहिल्यापासून डोळ्यांसमोर होता. १६ जानेवारीच्या उड्डाणाच्या चित्रीकरणात ८२व्या सेकंदाच्या आसपास अतिथंड इंधनाच्या, यानाबाहेर जोडलेल्या टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळताना, त्याचा भुगा होताना दिसत होता. पण अनेक अनुभवी माणसांना ते पटेना. पाऊण किलोचा, थर्माकोलच्या जातीचा तुकडा एवढ्या यानाचं काय बिघडवणार?

आपली रोजची समज इथेच फसते. निखळला त्या क्षणी तुकडाही यानाच्याच वेगाने, ताशी सुमारे २,५०० किलोमीटरने जात होता. मग तो आदळला का? तर हलका होता म्हणून! आकार मोठा, वस्तुमान कमी. त्यामुळे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वेळात हवेने त्याला मागे ओढलं. यान तसंच पुढे येत राहिलं. खरं तर पंखच जाऊन फोमवर आदळला, ताशी साडेआठशे किलोमीटरहून अधिक फरकाने. त्या जागी एखादा जड बोल्ट सुटला असता तर तेवढ्या वेळात त्याचा वेग इतका उतरलाच नसता.

ॲडमिरल हॅरॉल्ड गेमन यांच्या चौकशी मंडळापुढे ८०,००० हून अधिक अवशेष होते, तरी वजनाने ते यानाच्या ३८ टक्केच भरले. केनेडी अंतराळ केंद्राच्या हँगरमध्ये जमिनीवर यानाचा आराखडा आखून एकेक तुकडा आपापल्या जागी मांडला गेला. प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला उष्णता सोसणारी २२ कार्बनची पॅनेल असतात. डाव्या बाजूच्या आठव्या पॅनेलच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या कडा झिजून सुरीच्या पात्यासारख्या झाल्या होत्या आणि त्यांच्या आतल्या बाजूला वितळलेला धातू थिजलेला होता. तापलेला वायू तिथूनच आत शिरला होता.

मला मात्र सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो १९ मार्चला हेम्पहिल गावाजवळ सापडलेला रेकॉर्डर. अंतराळात गेलेलं पहिलं शटल (पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान) म्हणून कोलंबियात चाचण्यांसाठी शेकडो जादा संवेदक बसवले होते आणि त्यांच्या नोंदी चुंबकीय फितीवर होत असत. इतक्या उंचीवरून पडूनही फीत वाचता आली. यानाने जमिनीकडे धाडलेल्या माहितीत पहिली विचित्र नोंद दिसते, त्याच्या तीनेक मिनिटं आधीच नवव्या पॅनेलमागच्या ताणमापकाला काहीतरी जाणवलं होतं. मग एकेक संवेदक मुका होत गेला. त्यांच्या वायरी जळत होत्या! कोणती वायर पंखात कुठून जाते हे ठाऊक होतं, त्यामुळे त्या कोणत्या क्रमाने तुटल्या यावरून तापलेला वायू पंखात कसा पसरला तेही काढता आलं.

शंका तरीही उरलीच. म्हणून ७ जुलैला सॅन अँटोनियोमध्ये, अटलांटिस यानावरून काढलेल्या आठव्या पॅनेलवर वायुदाबाच्या तोफेतून तेवढाच फोम डागला गेला. पॅनेलला सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

यान कक्षेत असताना पंखाची छायाचित्रं मिळवावीत, अशी मागणी अभियंत्यांनी केली होती. ती वरपर्यंत टिकली नाही. मंडळाने नासाच्या कार्यसंस्कृतीला फोमइतकंच जबाबदार धरलं.

राहता राहिला प्रश्न फोम निखळला का हा. ती टाकी उड्डाणानंतर वातावरणातच नष्ट झाली होती. म्हणून दुसऱ्या टाक्यांवरचा तोच भाग कापून पाहिला, तेव्हा हाताने फवारलेल्या फोमच्या थरांत पोकळ्या सापडल्या. नेमकं कारण काही सिद्ध झालं नाही. मग ज्या उंचवट्यातून तो तुकडा निखळला होता, फोमचा तो उंचवटाच पुढच्या टाक्यांवरून काढून टाकला आणि तिथे बर्फ साचू नये म्हणून हीटर बसवले. पुढे जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी उडालं, तेव्हा टाकीच्या दुसऱ्याच जागेवरून फोमचा मोठा तुकडा सुटला. तो यानाला लागला नाही इतकंच.