घाबरून वाढलेलं बीपी आणि खरंच वाढलेलं बीपी

‘मुलाचं बीपी जरा जास्त येतंय’ असं डॉक्टर म्हणाले की काही आईवडील त्याच रात्रीपासून ताटातलं मीठ बंद करतात. बाकीचे म्हणतात, ‘तो डॉक्टरांना बघूनच घाबरतो हो, म्हणून वाढलं असेल.’ हे दुसरं वाक्य पुष्कळदा खरंही निघतं. पण तपासून न घेता ते म्हणून मोकळं होणं मला मीठ बंद करण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

दवाखान्यात बीपी जास्त आणि बाहेर नॉर्मल, याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. खरा उच्च रक्तदाब मात्र घरी आणि शाळेतही वाढलेलाच राहतो, अनेकदा झोपेतसुद्धा. गोंधळ होतो कारण मूल दोन्हींत सारखंच दिसतं. खेळतं, जेवतं, कुठे दुखत-खुपत नाही. उच्च रक्तदाब असलेल्या बहुतेक मुलांना काही जाणवतच नाही, त्यामुळे लक्षणांवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

आकड्यावरूनही लगेच कळत नाही. १३ वर्षं आणि पुढच्या मुलांसाठी १३०/८० किंवा त्याहून जास्त म्हणजे उच्च रक्तदाब, वरचा किंवा खालचा कुठलाही एक आकडा ओलांडला तरी. त्याहून लहान मुलांसाठी मात्र वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्ता बघतात आणि ९५व्या पर्सेंटाइलला (शंभरातल्या ९५ मुलांचं बीपी ज्या आकड्याच्या खाली असतं तिथे) रेघ मारतात. मोठ्यांचं १२०/८० सहा वर्षांच्या मुलाला लावलं तर चक्क जास्त ठरतं.

त्यात मोजण्याचीच चूक असू शकते. दंडाला गुंडाळायचा पट्टा लहान पडला तर आकडा उगाच फुगतो. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी आणि लांबीने तिने ८० ते १०० टक्के घेर व्यापायला हवा. अंगाने भरलेल्या मुलाला ‘लहान मुलांचा’ म्हणून ठेवलेला पट्टा बसेलच असं नाही. मूल तीन ते पाच मिनिटं शांत बसलेलं हवं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, उजवा हात हृदयाच्या पातळीवर. जिना धावत चढून आल्या आल्या घेतलेलं बीपी धरूच नका. पट्टा बदलून पुन्हा मोजायला सांगताना संकोच कशाला करायचा?

एवढं करूनही आकडा जास्त आला तर वेगवेगळ्या तीन भेटींत मोजतात. मशीनवर जास्त आलेलं बीपी स्टेथोस्कोप लावून, हाताने मोजून ताडून बघतात. खरा निवाडा मात्र २४ तासांच्या मॉनिटरने होतो. पट्टा दंडाला, छोटं यंत्र कमरेला, आणि मुलाचा दिवस नेहमीसारखा. यंत्र दर वीस-तीस मिनिटांनी आपलं आपण मोजत राहतं, रात्रीसुद्धा. पट्टा आवळला की हात सैल सोडायचा, एवढं मुलाला आधी शिकवून ठेवा.

बाहेरचे आकडे नॉर्मल आले तर औषध लागत नाही. पण फाइल बंद करायची नाही, कारण यातल्या काही मुलांचं बीपी पुढे खरोखर वाढतं. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघायचं.

खरंच वाढलेलं निघालं तर कारण शोधावं लागतं. मूल जितकं लहान, तितकी मागे दुसरा आजार असण्याची शक्यता जास्त: बहुधा मूत्रपिंडाचा, कधी महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असण्याचा. मूल रात्री घोरत असेल किंवा स्टेरॉइड, नाक मोकळं करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टर विचारायच्या आधीच सांगा. थोड्या मोठ्या, वजन जास्त असलेल्या मुलांत बहुधा वेगळं कारण सापडत नाही.

बीपी घाबरून वाढलेलं असो की खरंच, घरी करायचं ते जवळपास सारखंच. मीठ कमी करायचं ते सगळ्या घराचं, एकट्या मुलाचं नव्हे, आणि सुरुवात पाकिटातल्या खाऊपासून. रोज तासभर दमवणारा खेळ, पुरेशी झोप. वाढत्या वयात पुष्कळदा वजन आहे तिथे थोपवलं तरी उंची वाढून ते बेतात येतं, उपाशी ठेवायची गरज नसते. घरच्या मशीनवर दिवसातून पाच वेळा मोजू नका, त्याने मुलाची धास्तीच वाढते.

मात्र बीपी जास्त असताना जोराची डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं असं काही झालं किंवा फिट (आकडी) आली तर तीन भेटींची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.